शिबिराचे पैसे आणि फेरीचे पैसे

मागील अंकात या सदरात सामाजिक मानसिक आरोग्याच्या कामासाठी संस्थांना अनुदान कोठून मागता येते, याविषयी एक टिपण दिले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा सारांश दिला आहे, आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून व्यक्तींची व संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न (जत तालुका) : आमची संस्था सहा वर्षे नोंदणीकृत आहे. दरवर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आम्ही मिरजेहून मानसोपचारतज्ज्ञांना बोलावून मोफत तपासणी शिबिर घेतो. गर्दी चांगली होते आणि वर्तमानपत्रात बातमीही येते. यंदा एका प्रतिष्ठानाकडे अशा दहा शिबिरांसाठी अनुदान मागितले, तर ‘परिणाम स्पष्ट होत नाही’ एवढ्या शेऱ्यासह प्रस्ताव परत आला. आमचे कोठे चुकले?

उत्तर : मी काही वर्षे एका लहानशा निधीच्या छाननी समितीवर होते, आणि खरे सांगायचे तर तुमचा प्रस्ताव माझ्यासमोर आला असता तर मीही तो बहुधा परतच केला असता. त्या काळात एका संस्थेने कामाचा पुरावा म्हणून शिबिराची मूळ नोंदवहीच पाठवली होती. पट्टीने नीट आखलेले रकाने होते : नाव, वय, गाव, तक्रार, दिलेले औषध, आणि सर्वांत शेवटी ‘पुढील तारीख’. पहिल्या पानावर तो शेवटचा रकाना भरलेला होता, दुसऱ्या पानावर अर्धामुर्धा, आणि तिसऱ्या पानापासून तो जो कोरा राहिला तो शेवटपर्यंत कोराच होता. संस्था प्रामाणिक होती, डॉक्टरही चांगले होते, परंतु त्या माणसांचे पुढे काय झाले हे संस्थेलाच ठाऊक नव्हते, मग देणगीदाराला ते कसे कळणार?

मानसिक आजाराच्या बाबतीत हा कोरा रकाना विशेष महाग पडतो. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण जाणवू लागायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, मात्र तोंडाला कोरड पडणे, मळमळणे किंवा दिवसा गुंगी येणे असे त्रास पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतात. साहजिकच रुग्णाचा आणि घरच्यांचा समज असा होतो की गोळ्यांनी बरे वाटण्याऐवजी अधिकच बिघडले, आणि गोळ्यांची पट्टी फळीवरच्या डब्यात जाऊन पडते. नेमक्या त्या दोन-तीन आठवड्यांत कोणीतरी ओळखीचे माणूस दारात जाऊन बसले, ‘हा त्रास ओसरतो, पण गोळी मनाने बंद करू नका, जास्तच होत असेल तर डॉक्टरांशी बोलू’ एवढे म्हणाले, तर उपचार टिकण्याची शक्यता वाढते. तुमच्या प्रस्तावात शिबिरे दहा आहेत, परंतु दारात जाणाऱ्या त्या माणसाचे मानधन कोठेच नाही. म्हणून पुढच्या वेळी शिबिरे दोनच ठेवा आणि उरलेला पैसा गृहभेटींच्या फेरीसाठी मागा.

हे काम डॉक्टर नसलेली माणसे करू शकतात का, अशी शंका देणगीदार घेतील. त्यासाठी आधार जवळचाच आहे. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांना मदत देण्याचा मोठा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याच राज्यात, नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात, ‘आत्मीयता’ हा प्रकल्प गावातल्याच स्वयंसेवकांना तयार करून चालवला गेला. अर्थात औषध लिहून देणे, बदलणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांचेच काम राहते, आणि हे वाक्य प्रस्तावात स्पष्ट शब्दांत लिहावे.

आकडेवारीबद्दलही सांगितले पाहिजे, कारण जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात हीच चूक आढळते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि उपचारांपासून वंचित असणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. हे आकडे जरूर द्या, परंतु ज्या बारा राज्यांत ते सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे तालुक्याच्या लोकसंख्येला १०.६ टक्क्यांनी गुणून ‘जतमध्ये एवढे रुग्ण आहेत’ असे लिहू नये. त्यापेक्षा तुमच्या सहा वर्षांच्या नोंदवह्या उघडा आणि किती जण दुसऱ्यांदा आले, किती आले नाहीत, हे मोजून लिहा. तो आकडा लाजिरवाणा असला तरी तो तुमचा आहे, आणि छाननी करणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो.

जतचे म्हणून जे काही आहे ते मात्र प्रस्तावात ठळकपणे आले पाहिजे. उमदी, संख या भागांत घरात कन्नड बोलली जाते, आणि मनातले दुःख माणूस घरच्याच भाषेत सांगतो. म्हणून कन्नड बोलणारी कार्यकर्ती ही तुमच्या प्रकल्पाची पहिली गरज आहे. दुसरे म्हणजे, दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला गेल्या की गावातली कितीतरी घरे पाच-सहा महिने बंद राहतात. त्या काळात फेरी कशी चालणार, औषधे किती दिवसांची न्यायची हे डॉक्टरांना केव्हा विचारणार, मुकादमाला कळू न देता फोन कोणाच्या नंबरवर करणार, याची योजना आधीच लिहून ठेवली तर तुमचा प्रस्ताव इतरांहून वेगळा दिसेल.

आता हिशेब. उदाहरणादाखल दहा गावांचा एक वर्षाचा प्रकल्प धरू. दोन कार्यकर्त्यांचे मानधन दरमहा प्रत्येकी १५,००० प्रमाणे ३,६०,००० रुपये, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झालेल्या समन्वयकाचे दरमहा ३०,००० प्रमाणे ३,६०,०००, मानसोपचारतज्ज्ञांच्या महिन्यातून दोन भेटींचे, प्रत्येक भेटीला ६,००० प्रमाणे १,४४,०००, पेट्रोलचे ७२,०००, प्रशिक्षणाचे ६०,०००, फोन व छपाईचे ३६,००० आणि हिशेब व लेखापरीक्षणाचे ४८,००० रुपये, अशी बेरीज १०,८०,००० रुपये होते. यातले ८,६४,००० रुपये, म्हणजे बरोबर ८० टक्के, माणसांवर जातात. हे पाहून काही देणगीदार नाक मुरडतात, कारण त्यांना पाटी लावता येईल अशी वस्तू हवी असते. त्यांना सरळ सांगावे की या कामात यंत्र नसते, माणूस हेच साधन असते. मानधन चोरून ‘इतर खर्च’ या ओळीत बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण हिशेब तपासताना पहिले बोट त्याच ओळीवर पडते.

परिणाम दाखवण्यासाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याचे प्रमाण पाहण्याची नऊ प्रश्नांची यादी वापरली जाते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा अधिक गुण आले तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवण्याचा विचार करावा लागतो. मात्र यादीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दलचा आहे. त्याला ‘हो’ असे उत्तर आले तर कार्यकर्तीने त्या घरातून उठण्यापूर्वी कोणाला फोन करायचा, घरातल्या कोणाला सोबत बसवायचे, कीटकनाशकाचा डबा कोठे हलवायचा, हे ठरलेले नसेल तर ती यादी कोणाच्या हाती देऊच नये. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक, जो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असला पाहिजे.

प्रश्न (कराड) : एमआयडीसीतील एक कंपनी आमच्या समुपदेशन केंद्राला सीएसआर निधी (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) द्यायला तयार आहे. आमच्याकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी आयकर नोंदणी) आहे, परंतु ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची) नोंदणी नाही. ओळखीचा एक ट्रस्ट म्हणतो, ‘पैसे आमच्या खात्यावर घ्या, पाच टक्के ठेवून बाकीचे तुम्हाला देतो.’ हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि चालले तरी करू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेसह आरोग्य हा विषय त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पहिल्याच कलमात आहे. परंतु १ एप्रिल २०२१ पासून ज्या संस्थेमार्फत हे काम करून घ्यायचे तिची सीएसआर-१ नोंदणी आवश्यक झाली असून त्यासाठी १२ए, ८०जी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचे काम तीन वर्षांचे असेल तर ८०जीचा अर्ज आजच करा. तो ट्रस्ट खरोखरच प्रकल्पाची जबाबदारी घेणार असेल, कार्यकर्त्यांच्या नेमणुका त्याच्या नावावर होणार असतील आणि अहवाल तोच देणार असेल, तर लेखी कराराने एकत्र काम करता येईल. पाच टक्के ठेवून पुढे सरकवणे म्हणजे केवळ दलाली आहे.

अर्जाच्या आधी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-एकचा, म्हणजे संस्थेच्या व विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा काढून पाहा. अध्यक्षांना जाऊन चार वर्षे झाली, सभागृहात त्यांचा हार घातलेला फोटो आहे, पण उताऱ्यावर मात्र ते अजून अध्यक्ष आहेत, अशा कितीतरी संस्था आपल्याकडे आहेत. विश्वस्तांत बदल झाल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो. तो राहिला असेल तर नव्या अध्यक्षांच्या सहीला बँकही विचारत नाही आणि कंपनीही विचारत नाही. सरकारी अनुदानाचा विचार असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरची नोंदणीही याच सुमारास करून घ्यावी.

कंपनीशी बोलताना आणखी एक मागणी अवश्य करा, ती म्हणजे हे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करण्याची. तसे केले तर सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो प्रकल्प चालवता येतो आणि ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. एरवी फेब्रुवारीत फोन येतो, मार्चअखेर सगळे पैसे संपवा म्हणून सांगितले जाते, आणि समुपदेशनाचे पैसे शेवटी टी-शर्ट आणि फलकांवर जातात.

प्रश्न (पलूस तालुका) : २०१९ च्या महापुराच्या वेळी जमलेल्या मदतनिधीतील काही रक्कम आमच्याकडे अजून शिल्लक आहे. पुराची भीती मनात घेऊन जगणाऱ्या लोकांसाठी ती वापरता येईल का?

उत्तर : गरज खरी आहे. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हापासून नदीकाठच्या घरांत जुलैचा पाऊस लागला की आजी-आजोबा टीव्ही लावण्याआधी ‘आयर्विनला किती फूट झालं?’ असे विचारतात, आणि ४० फुटांचा इशारा येण्याच्या कितीतरी आधी काहींची झोप उडालेली असते. तरीही तो निधी ज्या हेतूने गोळा केला त्या हेतूला बांधलेला आहे. मोठ्या देणगीदारांना पत्र लिहून लेखी संमती घ्या, लहान देणग्यांसाठी विश्वस्त मंडळाचा सविस्तर ठराव करा, आणि आवाहनाच्या मूळ पत्रकात ‘पुनर्वसन’ हा शब्द होता का ते पाहून तुमच्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्या. खर्च करायचा तो पूर येण्याआधी, मे-जूनमध्ये, निवारा केंद्रांवर काम करणाऱ्यांच्या मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणावर करावा. त्यात पहिलीच गोष्ट शिकवली जाते ती अशी की, पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला काय घडले ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. आधी कोरडे कपडे, चहा, घरच्यांचा ठावठिकाणा, आणि मग तो स्वतःहून बोलला तर ऐकावे.

प्रश्न (मिरज) : अमेरिकेत स्थायिक झालेली आमच्या गावची काही मंडळी तेथील नागरिक आहेत. त्यांचे पैसे थेट संस्थेच्या खात्यावर घेता येतील का?

उत्तर : एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालील, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेऊ नका. देणारा जन्माने आपला असला तरी परदेशी नागरिकाचा पैसा तो परदेशी निधीच ठरतो. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो. पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयांनी त्यांच्या बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली देणगी मात्र यात मोडत नाही, म्हणून पावती फाडण्यापूर्वी पारपत्र कोणत्या देशाचे, हे संकोच न करता विचारा.

प्रश्न (वाई) : आमचे देणगीदार दर तीन महिन्यांनी रुग्णांची नावे, छायाचित्रे आणि दोन ‘यशोगाथा’ मागतात. नाही म्हटले तर पुढचा हप्ता थांबेल अशी भीती वाटते.

उत्तर : नाही म्हणा, पण नुसते नाही म्हणू नका, त्या बदल्यात काय देणार तेही सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने प्रत्येक रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा अधिकार दिला आहे. हप्ता थांबेल या भीतीपोटी संस्थेला तो मोडता येत नाही. संमतीपत्रावर सही आहे, असे देणगीदार म्हणतील. परंतु जी बाई तुमच्याच कार्यकर्तीकडून औषधाची तारीख घेते, ती त्याच कार्यकर्तीने पुढे केलेल्या कागदाला नाही कशी म्हणणार, याचा विचार आपणच करायला हवा.

चेहरा धूसर केल्याने काम भागते, असा एक समज आहे. एका अहवालात मी असे छायाचित्र पाहिले आहे. बाईचा चेहरा पुसलेला होता, पण मागे हिरवा रंगवलेला दरवाजा होता, त्याला बांधलेली कान फाटलेली शेळी होती, आणि कोपऱ्यात भिंतीवर घरातल्या मुलीच्या लग्नाचे नुकतेच लिहिलेले नाव होते. तो अहवाल वाडीतल्या कोणाच्याही फोनवर गेला असता तर घर ओळखायला क्षणही लागला नसता, आणि पुढची बोलणी सासरच्या मंडळींनी कशी केली असती ते सांगायला नको.

त्याऐवजी देणगीदारांना रुग्णांचे सांकेतिक क्रमांक असलेला तक्ता द्या : किती जण नव्याने आले, सहाव्या महिन्यात किती जण पाठपुराव्यात राहिले, किती जण सुटले आणि का सुटले. त्यांचा प्रतिनिधी आला तर नावाचा रकाना झाकून नोंदवही दाखवा, कार्यकर्त्यांच्या मासिक बैठकीला बसवा. मी पाहिलेल्या बहुतेक देणगीदारांचा हट्ट अशा एका बैठकीनंतर ओसरला आहे. ज्यांचा ओसरला नाही त्यांचा हप्ता गेला तर गेला, असे माझे मत आहे, आणि हे मत सोयीचे नाही याची मला कल्पना आहे.

प्रश्न (माण तालुका) : आमचे दोन वर्षांचे अनुदान येत्या मार्चअखेर संपते. नवे अनुदान मिळेल याची खात्री नाही. आमच्या फेरीत साठ रुग्ण आहेत. त्यांना केव्हा आणि कसे सांगावे?

उत्तर : आत्ताच सांगायला सुरुवात करा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगणे म्हणजे एस.टी. सुटल्यावर तिकीट देण्यासारखे आहे. पहिल्यांदा डॉक्टरांसोबत बसून साठ जणांची तीन भागांत विभागणी करा : ज्यांचे औषध बरेच महिने स्थिर आहे ते, ज्यांचे प्रमाण सध्या बदलले जात आहे ते, आणि ज्यांना एकटे सोडणे धोक्याचे आहे ते. तिसऱ्या भागातल्या प्रत्येकाचे हस्तांतर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी प्रत्यक्ष बोलून, नावानिशी झाले पाहिजे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. पहिल्या भागातल्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची मदत घेता येईल, मात्र लागणारी औषधे तेथे खरोखर मिळतात का, हे स्वतः जाऊन खिडकीवर विचारा, कारण यादीत औषध असणे आणि कपाटात असणे यांत पुष्कळ अंतर असते.

अनुदानाची काही रक्कम शिल्लक राहणार असेल तर ३१ मार्चच्या बऱ्याच आधी देणगीदारांकडे वाढीव रक्कम न मागता केवळ मुदतवाढ मागा. पैसे नवे लागत नसल्याने ती बहुधा मिळते. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेल्यावर मागितली तर कोणी देत नाही.

या तीन-चार महिन्यांत आणखी एक काम उरकून घ्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक भरेल त्यांचे यूडीआयडी (दिव्यांगत्वाचे) प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या आणि पात्र असणाऱ्यांचे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज तहसील कार्यालयात दाखल करा. म्हसवडहून साताऱ्याला जाण्यायेण्याचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हा उपचार सुटण्यामागचा खर्च असतो, आणि दरमहा येणारी थोडी रक्कमही तो काही प्रमाणात उचलते.

शेवटच्या फेरीला गावातल्या आशाताईंना सोबत न्या आणि रुग्णाच्या देखत त्यांची ओळख करून द्या. एका जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत औषधांची नावे, पुढची तारीख, ओपीडीचा वार, केसपेपर कोणत्या खिडकीवर मिळतो आणि १४४१६ हा क्रमांक लिहून ते कार्ड घरच्यांच्या हाती द्या, आणि घरात कोणाला वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाला न दाखवता आशाताईंकडूनच ते त्यांना दोनदा वाचून दाखवा. एप्रिलमध्ये ती तारीख उलटली की तुमच्यापैकी कोणीतरी प्रत्येक घरी एक फोन करावा. साठ फोनांना दोन दिवस लागतील, आणि पुढच्या प्रस्तावात त्या दोन दिवसांचे मानधन आधीपासूनच मागून ठेवा.